चहा, कॉफी आणि अंगातले रक्त

श्रोते हो, कॉफी पिणे प्रकृतीला बरे की वाईट, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात कॉफीची काय मातब्बरी? आपल्याकडे पाहुणा ओट्यावर टेकला की घरात हाक जाते ती चहाची. कॉफी व्हायची ती लग्नघरी, जायफळ उगाळून, किंवा एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासाठी. ही गोष्ट खरीच आहे. पण आता किराणा दुकानात कॉफीच्या पुड्या माळेसारख्या टांगलेल्या दिसतात, आणि बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांच्या अभ्यासिकांतून परीक्षेला बसणारी पोरे रात्री दहा वाजता कॉफी ढवळताना दिसतात. शिवाय कॉफीत जे मुख्य द्रव्य आहे तेच चहात आहे. तेव्हा एकीचे बोलताना दुसऱ्याचे बोलल्यावाचून सुटका नाही.

आणखी एक शब्द या दोघांच्या जोडीला घ्यावयाचा आहे. तो म्हणजे कोपी. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, वडवणी, केज, धारूर, या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर जी माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना कोपी म्हणजे काय हे सांगायला नको. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची ती ठेंगणी झोपडी. त्या कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीवर पहाटे चार वाजता जे जर्मनचे पातेले चढते, त्यातल्या चहाविषयी मला खरे म्हणजे बोलायचे आहे. पण तिथवर जायला वाट जरा लांबची आहे.

प्रथम ही दोन्ही पेये आली कोठून ते पाहू. दोन्ही आपली नव्हेत. कॉफीचे मूळ गाव आफ्रिकेतला इथिओपिया देश. तेथून ती समुद्र ओलांडून येमेनमध्ये गेली आणि अरबांनी तिला कहवा हे नाव दिले. आपल्या देशात ती सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिराने आणली असे परंपरेने सांगतात. हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून त्याने सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही त्याचेच नाव आहे. दक्षिणेत तिचे पीक फोफावले. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याच्या थंड हवेत कॉफीची थोडीफार झाडे आहेत, एवढीच आपली कमाई.

चहाचे तसे नाही. आसामच्या जंगलात चहाचे झुडूप होतेच, पण त्याची लागवड इंग्रजांनी मांडली ती १८३० नंतर, आणि तीही विलायतेच्या बाजारासाठी. इथल्या माणसाच्या तोंडी चहा लागला तो फार उशिरा. पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे पाद्र्यांनी चहा ठेवला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी घोट घेतला, कोणी नुसता कप पुढे ठेवला. पण सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि पाद्र्याघरचा चहा घेतला म्हणून शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. ज्या चहाने एकदा माणसे पंक्तीबाहेर पडली, त्या चहावाचून आज ना सोयरीक जुळते, ना ग्रामपंचायतीची बैठक उठते. असो.

आता त्या मुख्य द्रव्याकडे वळू. त्याचे नाव कॅफीन. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. चवीला कडू, रंगाला पांढरे. ते पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातून मेंदूत पोचते. तिथे ते करते काय? दिवसभर काम करताना आपल्या मेंदूत एक पदार्थ साठत जातो. तो मेंदूच्या दारावर जाऊन निरोप देतो की बाबा, आता थकलास, झोप. कॅफीन त्या दारात आडवे बसते. निरोप घेऊन आलेला माणूस ओट्यावरच ताटकळतो, आत पोचत नाही. म्हणजे थकवा गेलेला नसतो. थकव्याची बातमी तेवढी अडवलेली असते. कॅफीन उतरले की ओट्यावर जमलेले सगळे निरोपे एकदम आत शिरतात, आणि मग दुसरा कप लागतो.

या एका गोष्टीवरून पुष्कळ उलगडा होतो. रोज ठरल्या वेळी चहा घेणाऱ्याचा एक दिवस चुकला की त्याचे डोके उठते. एकादशीला नुसते पाणी पिऊन राहणाऱ्या माळकऱ्याला आणि रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांत आपल्या मुसलमान शेजाऱ्याला हा अनुभव सारखाच येतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. आठवडाभरात शरीर सावरते. ज्याला एखादा उपवास धरायचा आहे त्याने आठ दिवस आधीपासून एकेक कप कमी केला तर डोकेही उठत नाही.

किती कॅफीन चालते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत प्रौढ माणसासाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. दीडशे मिलिलिटरचा कप धरला, तर दळलेल्या बियांच्या कॉफीत ८० ते १२०, पुडीतल्या झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. हॉटेलातला आपला कप याच्या निम्माच असतो. तेव्हा धट्ट्याकट्ट्या माणसाला दिवसाला दोन-तीन कपांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र गरोदर बाईने हात आखडता घेतलाच पाहिजे. तिच्या शरीरातून कॅफीन फार हळू बाहेर पडते आणि ते बाळापर्यंत पोचते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्ला आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर त्याआधीच्या वर्षी ही मर्यादा २०० वर आणून ठेवली.

आता कॉफीचे गुण सांगितले पाहिजेत, कारण अवगुणांचीच यादी वाचणारा वक्ता मलाही आवडत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांत लाखो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून काही निरीक्षणे नोंदली गेली. रोज बेताने कॉफी पिणाऱ्यांत प्रौढपणी होणारा मधुमेह, यकृताचा सिरोसिस आणि हात थरथरण्याचा पार्किन्सन्स हा विकार, यांचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. कॅफीन काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांतही मधुमेह कमी दिसला, म्हणजे हा गुण कॅफीनचा नसून बियांतल्या दुसऱ्या द्रव्यांचा असावा. कॉफीने मूत्राशयाचा कर्करोग होत असावा, असा संशय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ साली नोंदवला होता. तो तिने २०१६ साली मागे घेतला. तेव्हा कॉफी म्हणजे विष, असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पण थांबा. ज्यांच्यावर ही निरीक्षणे झाली त्यांतली पुष्कळ माणसे युरोप-अमेरिकेतली. भरपेट खाणारी, आणि बहुधा कमी साखरेची किंवा बिनसाखरेची कॉफी पिणारी. शिवाय सोबत आढळले म्हणजे त्याच्यामुळेच झाले, असे म्हणता येत नाही. वडाच्या पारावर बसणारी माणसे दीर्घायुषी निघाली, म्हणून वडाची सावली हे औषध ठरत नाही. ज्यांना निवांत पारावर बसायला मिळते, त्यांचे आयुष्यच कदाचित बरे असते. म्हणून मधुमेह टाळण्यासाठी कॉफी सुरू करा, असे कोणी जाणता डॉक्टर सांगत नाही. पीत असाल तर प्या, इतकेच.

आणि आपली कॉफी असते कशी? पुडी फोडायची, दूध उकळायचे, वर दोन चमचे साखर. चहाचेही तेच. कपाला साधारण दहा ग्रॅम साखर धरा. सहा कप झाले की साठ ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर एकट्याच्या पोटात, तीही पेल्यातून. दिवसाची सगळी वरकड साखर पन्नास ग्रॅमच्या आत असावी आणि जमल्यास पंचवीसच्या, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगत आली आहे. कॉफीने मधुमेहाला जो काही अटकाव होत असेल तो या साखरेपुढे कितीसा टिकणार? हल्ली गुळाच्या चहाच्या पाट्या रस्तोरस्ती लागल्या आहेत. गूळ चवीला चांगला, यात वाद नाही. पण मधुमेह्याच्या रक्ताला गूळ काय, साखर काय, दोन्ही एकाच उसाची लेकरे. गुळात लोह असते, हेही खरे. मात्र ते चहात घालून प्यावे, यासारखी गंमत नाही. ती गंमत कोणती ते आता सांगतो.

महात्मा गांधी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर त्यांनी एक प्रकरण खर्ची घातले. चहातल्या टॅनिनने कातडे जसे टणक होते तसेच पोटाचे अस्तरही होते, असे त्यांचे म्हणणे होते. टॅनिन म्हणजे तुरट रस. बाभळीच्या सालीत तो असतो, हिरड्यात असतो. आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड आहे ना, त्याची साल कातडे कमावण्यासाठीच वापरीत, ती या तुरट रसापायी. पोटाचे अस्तर चामड्यासारखे होते हे काही आजचे शास्त्र मानीत नाही. पण टॅनिनवर गांधीजींनी ठेवलेले बोट अगदीच वावगे नव्हते. खोट निघाली ती दुसऱ्या जागी. टॅनिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये अन्नातल्या लोहाला मिठी मारतात आणि त्याला आतड्यातून रक्तात जाऊच देत नाहीत.

शिक्षक बंधु-भगिनींनो, ही गोष्ट तुम्हाला वर्गात पाच मिनिटांत दाखवता येईल. जुन्या काळी शाई कशी करीत? हिरडा किंवा बाभळीच्या शेंगा उकळायच्या आणि त्यात हिराकस टाकायचा. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. दोन्हींची गाठ पडली की पाणी काळेभोर. आता हिराकसाच्या जागी रक्तवाढीची एक गोळी घ्या. ती कुटून कपभर कोमट पाण्यात घोळवा. दुसऱ्या भांड्यात चांगला लाल, बिनदुधाचा चहा घ्या. दोन्ही एकत्र करून थोडा वेळ ठेवा. मुलांच्या डोळ्यांदेखत चहाची शाई होते. मग त्यात लिंबू पिळा. काळेपणा पुष्कळ उतरतो. लिंबाच्या आंबटाने लोह आणि तुरट रस यांची गाठ सुटते. हे पाणी कोणी पिऊ नये, हे सांगूनच प्रयोग करा. आणि गोळ्यांची बाटली मात्र मुलांच्या हाती देऊ नका.

हीच शाई जेवणानंतरच्या चहाने आपण पोटात करतो. १९८३ साली अमेरिकेत मॉर्क, लिंच आणि कुक या तिघा संशोधकांनी याचे मोजमाप केले. जेवणासोबत कॉफीचा एक कप दिला तेव्हा अन्नातून रक्तात जाणारे लोह ३९ टक्क्यांनी घटले. चहा दिला तेव्हा ६४ टक्क्यांनी. म्हणजे या एका बाबतीत चहापेक्षा कॉफी सौम्य, हे कॉफीच्या बाजूने नोंदले पाहिजे. त्यांनी आणखी एक पाहिले. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर लोहाला काहीच अडथळा झाला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तेव्हा मात्र अडथळा तेवढाच राहिला. दुधाचा चहा प्याला तर चालेल का? तोही नाही. दुधाने हा दोष फारसा कमी होत नाही, असे १९९९ च्या एका अभ्यासात दिसले. आपला चहा तर चुलीवर पाचपाच मिनिटे उकळलेला, तेव्हा त्यात तुरट रस अधिकच उतरतो.

एक गोष्ट इथे न्यायाने सांगितली पाहिजे. ज्याच्या अंगात लोहाचा साठा भरपूर आहे, ज्याच्या ताटात डाळ, पालेभाजी, फळे, जमल्यास मटण-मासळी आहे, त्याला या चहाने फारसा फरक पडत नाही. मांसातले लोह तर चहाला तितके जुमानतही नाही. फरक पडतो तो जिचे ताट भाकरी-ठेच्यावर आणि पातळ कालवणावर संपते तिला. बाजरीत लोह चांगले आहे, पण धान्यातले लोह मुळातच रक्तात थोडेसे जाते. त्या थोड्यातले निम्मे-अधिक चहाने अडवले, तर हाती काय उरले?

आता कोपीकडे येऊ. पहाटे चारला चूल पेटते. दूध परक्या गावात मिळतेच असे नाही, म्हणून कोरा चहा. गडीमाणूस तो पिऊन फडात जातो. बाई आधी भाकरी थापते, पोरांचे बघते, मग उरलेल्या चहात भाकरी कुस्करून चार घास खाते आणि तिच्यामागून निघते. दुपारपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मध्ये पुन्हा चहा, कारण चहाने भूक मरते आणि हातही चालतात. फडात आडोसा नाही, म्हणून पुष्कळ बाया पाणी मुद्दाम कमी पितात. संध्याकाळी कोपीवर आल्यावर पुन्हा चूल, पुन्हा पातेले. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाच्या वहीत तो एकच असतो. पण रक्ताचा हिशेब दोघांचा वेगळा आहे. बाईच्या अंगातून महिन्याला रक्त जाते, बाळंतपणात जाते. तिला पुरुषापेक्षा अधिक लोह हवे आणि मिळते कमी.

देशव्यापी कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर स्त्रियांत चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. बायकांचे हिमोग्लोबिन बाराच्या वर असावे, गरोदरपणी निदान अकरा. ते नऊ-आठवर आले की चढाव चढताना दम लागतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग "अंगात अशक्तपणा आहे" म्हणून काय करायचे? दोन घोट गरम चहा घ्यायचा! तेवढ्यापुरती तरतरी येते. थकव्याचा निरोप्या पुन्हा ओट्यावर थांबवला जातो, आणि रक्त कमी झाल्याची जी बातमी तो आणत होता तीही बाहेरच राहते. चहाविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली, हे तुम्हाला आठवत असेल. तो प्रश्न मोठा आहे. त्यात मजुरी आहे, खाडा आहे, दवाखान्यांचा व्यवहार आहे. चहाच्या कपात तो बुडवता येणार नाही. पण अंगावरून फार जाते म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बाईच्या अंगात मुळात रक्त किती आहे, हे पहिल्यांदा पाहायला हवे, एवढे तरी त्यावरून कळावे.

रक्त कमी होण्याला एकटा चहा जबाबदार नाही. आहार निकस, पोटात जंत, लवकर लग्न, लागोपाठची बाळंतपणे, ही मोठी कारणे आहेत. चहा हा त्यातला लहान चोर. मात्र इतर कारणे काढायला पैसा, वेळ आणि सरकार लागते. चहाची वेळ बदलायला यातले काहीच लागत नाही, म्हणून त्याच्यावर आधी बोट ठेवावे असे मला वाटते.

तेव्हा फडावरच्या आयाबहिणींनो, चहा सोडा असे मी म्हणणार नाही. कडाक्याच्या थंडीत पहाटे चारला चहा सोडायला सांगणारा माणूस स्वतः गोधडीत असतो! उठल्याबरोबर चहा घ्या, भाकऱ्या थापायच्या आधी. त्या चहात भाकरी बुडवू नका. भाकरी खाल ती निदान तासाभराने, फडात गेल्यावर, कालवणाशी. भाकरीवर लिंबाची फोड पिळता आली तर फारच चांगले. लिंबू नसेल तर पेरू, आवळा, बोरे, जे बांधावर मिळेल ते. त्यांतले क जीवनसत्त्व लोहाला रक्तात पोचवते. निघण्याआधी घरी असाल तोवर आपले डोंगरातले सीताफळ आहेच. परमुलखाच्या बाजारात ते चढ्या भावाने विकले जाते आणि आपल्या पोरांना कपात बटर बुडवून मिळतो. भाकरीनंतरचा चहा मात्र दीड-दोन तासांनी, मोळ्या बांधून झाल्यावर. कप तेवढेच राहिले तरी चालतील. घड्याळ तेवढे सरकवायचे.

चहा फार कढत पिऊ नका, हेही जाता जाता सांगतो. पासष्ट अंशांहून अधिक तापलेले कोणतेही पेय वर्षानुवर्षे घोटल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव वाढतो, असे २०१६ साली त्याच कर्करोग संस्थेने सांगितले. दोष चहाचा नव्हे, आचेचा. शहरातली शिकलेली मंडळी बशीत चहा ओतून पिणाऱ्याला हसतात. बशीत चहा निवतो. हसण्यासारखे त्यात काहीही नाही.

लहान मुलांविषयी मात्र मी नरमाईने बोलणार नाही. तान्ह्या बाळाला चमच्याने चहा पाजणाऱ्या आज्या अजून गावोगाव आहेत. प्रेमानेच पाजतात. १९८५ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी चहा पिणारी आणि न पिणारी तान्ही मुले तपासली. चहा पिणाऱ्यांत रक्त कमी असलेली मुले कितीतरी अधिक निघाली. बाळाला चहाचा एक चमचाही नको. शाळेत जाणाऱ्या पोराला सकाळी चहा-बटर किंवा चहा-खारी देऊन धाडले की घरचे समजतात, पोर खाऊन गेले. ते साखर आणि मैदा खाऊन गेलेले असते. गुरुजी, पहिल्या तासाला जे मूल जांभया देते, फळ्याकडे पाहताना ज्याचे डोके दुखते, त्याला हातावर छडी नको. सकाळी काय खाल्लेस, हे विचारा. कोपीवरच्या आई-बापांमागे गावात आजीजवळ राहिलेली, नाहीतर हंगामात साखरशाळेसारख्या सोयीतून शिकलेली मुले तुमच्या वर्गात असतातच.

तुमच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात. लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. ती दुपारच्या जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यायची. शिक्षकांच्या खोलीत त्याच वेळी चहा येतो आणि एखाद्या मोठ्या मुलीला कौतुकाने अर्धा कप दिला जातो. तो त्या दिवशी देऊ नका. शाईचा प्रयोग एकदा पाहिलेली मुलगी तो स्वतःच घेणार नाही.

वरच्या वर्गातल्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना एक हिशेब द्या. कॅफीन अंगातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला शंभर मिलिग्रॅमची कॉफी घेतली तर पहाटे तीनला पन्नास शिल्लक असते. मुलगा अंथरुणावर पडतो, पण झोप खोल लागत नाही. आणि दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. म्हणजे जागून वाचलेल्या चार पानांपायी आधीची दहा पाने जातात. दुपारी तीननंतर कॉफी नको, हा नियम साधा आहे. पानटपरीवर डब्यातून मिळणारी उत्तेजक पेये तर मुलांनी घेऊच नयेत. मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी हे नाही, असे डब्यावरच बारीक अक्षरात छापलेले असते. ती अक्षरे वर्गात मोठ्याने वाचायला लावा.

ज्यांना आम्लपित्त आहे, छातीत धडधडते, किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी कॉफीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्तदाब तपासायला जाताना अर्धा तास आधी चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो.

शेवटची गोष्ट, आणि ती दसऱ्याच्या आत करायची. मुकादमाची उचल घेतली, ट्रकमध्ये सामान भरायला लागलात, की मग कोणाला वेळ नसतो. त्याआधी गावच्या उपकेंद्रात जाऊन घरातल्या प्रत्येक बाईचे आणि वयात आलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. कमी निघाले तर तिथेच लोहाच्या गोळ्या मिळतात. आशाताईंना सांगून हंगामभर पुरतील एवढ्या मागून घ्या. गोळी रात्रीच्या भाकरीनंतर, निजताना, पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही आणि दुधाबरोबरही नाही. चार दिवस मळमळेल, शौचाला काळे होईल. त्याने घाबरून गोळ्या कोपीच्या छपरात खोचून ठेवू नका. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर आले तरी आणखी तीन महिने चालू ठेवा, म्हणजे साठा भरतो. गरोदर असाल तर माता व बाल संरक्षण कार्ड ट्रंकेच्या तळाशी न टाकता वरच ठेवा. कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्रात ते दाखवले की आधीच्या तपासण्या, सुया आणि गोळ्या त्यांना कळतात आणि पुढची तपासणी तिथेच होते.